वच्छलाबाईचा आराम

रिसोडला वैजयंतीबाईंकडे धुणंभांडी करणारी वच्छलाबाई आणि वैजयंतीबाई, दोघी एकाच वयाच्या, पासष्टीच्या. झोपही दोघींना लागत नसे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी अकोल्याच्या डॉक्टरला दाखवलं. त्याने गोळी दिली, दुपारी पडत जा म्हणून सांगितलं. वच्छलाबाईने कोणाला दाखवलं नाही. आपली झोप कशाने गेली ते तिला ठाऊक होतं. पोती वाहण्यात जन्म गेलेल्या तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला, दम्याने आडवं होता येत नसे. रात्रभर त्याला उठवून बसवावं लागे, आणि उजाडलं की बाईंचं काम.

एप्रिलातल्या एका दुपारी बाई कूलरपुढे झोपल्या होत्या. गॅसवर दूध ठेवून वच्छलाबाई ओट्याला टेकली आणि उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला. दूध उतू जाऊन गॅस विझला. घरभर वास सुटला, तेव्हा बाईच जाग्या झाल्या. त्या रागावल्या नाहीत. पण त्यांच्या पुण्याच्या मुलाने फोनवर ऐकलं आणि कामाला दुसरी बाई पाहायला सांगितली.

"वच्छला, वय झालं आता तुझं. आराम कर," बाई म्हणाल्या.

"कुठी करू, बाई?"

तिने खरोखरच विचारलं होतं. बाईंनी तिला एक साडी दिली.

मग ती एका गोदामात सोयाबीन चाळायला जाऊ लागली. काम दिवसभर उभ्याने. पाय सुजले, बधिर झाले. वयामुळे असेल म्हणून तिने सोडून दिलं. तळव्यात खिळा घुसलेला तिला संध्याकाळी चपलेतलं रक्त पाहून कळला. हळद दाबून दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामावर गेली. जखम काळी पडली, तेव्हा शेजारच्या रत्नमालाने तिला जीपमध्ये घालून वाशिमला दवाखान्यात नेलं. शुगर खूप जुनी आहे, डॉक्टर म्हणाले. बाई घरीच बोटाला सुई टोचून शुगर पाहायच्या, ते वच्छलाबाईने कितीदा बघितलं होतं. आपलीही पाहावी असं तिच्या कधी मनात आलं नाही. बाईंच्याही आलं नाही.

पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

आता इंद्रभानला दम लागला की ती आपल्या खाटेवरूनच सांगते, "मांगं टेका, भितीले टेका." तो कधी टेकतो, कधी तसाच घरघरत राहतो. मुलगा धम्मपाल सुरतेला मजुरी करतो. चार दिवस राहून गेला. बाई सफरचंदं घेऊन एकदा येऊन गेल्या.

परवा रत्नमाला भाकरी घेऊन आली, तेव्हा वच्छलाबाईने तिचा हात धरला.

"बसून कराचं काई काम असलं त पाह्य माह्यासाठी."

रत्नमाला पाहते म्हणाली. ती स्वतः त्याच गोदामात चाळणीवर उभी असते. तिथे बसायला जागा नाही, हे तिला माहीत होतं.