अंडं आणि गरम पाण्याचा नळ

जवसे,

हे नाव तुला गिऱ्हाइकांनी दिलं, मी नाही. माझ्या धाकट्या भावाची बायको, आणि बाया तिला जवसबाई म्हणून हाका मारतात, हे मला सुरुवातीला मुळीच रुचलं नव्हतं. पण तू हसून ओ द्यायचीस. मग मी कोण नाक मुरडणारी?

पत्र लिहावं एवढं आपल्यात अंतर नाही, मध्ये एक जिना आहे. पण समोर बसलं की तू विषय बदलतेस आणि मी बदलू देते. म्हणून कागद घेतला.

त्या पार्लरमधली दुसरी खुर्ची तू अकरा वर्षं सांभाळलीस. मालकिणीच्या कपाटात बाटल्यांची फौज आणि तुझ्याकडे एक पातेलं. केसांना लावायच्या चिकासाठी दोन चमचे जवस, दोन कप पाणी, पांढरा फेस येऊन चमच्याला तार धरेपर्यंत ढवळायचं आणि गरम असतानाच जुन्या मलमलीतून गाळायचं. गार झालं की गाळलंच जात नाही, असा तुझा अनुभव. बरणीवर तारखेची चिठ्ठी, आठ दिवस झाले की सरळ मोरीत. खोबरेल तू कधी आचेवर ठेवलं नाहीस, वाटी गरम पाण्यात ठेवायचीस. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसणाऱ्या बाईला तू म्हणायचीस, "अहो, भांडी घासताय का? जुना बनियन घ्या, नुसता दाबा." आणि फणी नेहमी टोकाकडून वर. कोरड्या केसांची बाई आली की आधी तिची उलटतपासणी. कशाने धुता, किती वेळा, नळाचं पाणी की बोअरचं? नव्या बाईला कानामागे लेपाचा ठिपका लावून, खाज-पुरळ नाही ना ते बघून दुसऱ्या दिवशी या म्हणायचीस. मालकीण चरफडायची.

माझे स्वतःचे केस म्हणजे नारळाची शेंडी. महिन्यातून एकदा मी तुझ्याकडे यायचे, तशीच त्या दिवशीही आले होते.

मालकिणीच्या मुलीने घरीच केस ब्लीच केले होते. हातात घेतले तर दोरखंड. दोन दिवस आईच्या बाटल्या चोपडून झाल्या, फरक शून्य. दुपारी दोनला तिची मुलाखत होती, बातम्या वाचायच्या नोकरीची. मालकीण पर्स खांद्याला लावता लावता तुला म्हणाली, "कर तुझं ते घरगुती. पण ऐक, आज काही बिघडलं तर ही खुर्ची तुझी नाही."

तू "बरं" म्हणालीस. तुझा अंगठा फणीच्या दातांवरून फिरत होता, मी पाहिलं.

दोन अंड्यांचा बलक, चमचाभर तेल, अर्धा तास. मग गार पाणी, मग जवस. सगळं घड्याळावर चाललं होतं. एवढ्यात पलीकडच्या बाईच्या रंगाची वेळ संपली. तो धुवायलाच हवा होता. तू मान वळवून म्हणालीस, "ताई, हिचं डोकं धुवाल? फक्त गार पाणी. गार म्हणजे गार."

"मला शिकवतेस?" मी म्हटलं.

पोरगी कुडकुडायला लागली. "काकू, बर्फ आहे हो हा!" मला दया आली, आणि दयेपेक्षा घाई. मी लाल नळ थोडा सोडला. मग आणखी थोडा.

आधी वास आला. मग बोटांना कण लागले. केसांच्या मुळापासून टोकापर्यंत पिवळा चुरा, नाश्त्याला होतो तसा. सव्वीस वर्षं मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. उष्णतेने अंड्यातलं प्रथिन गोठतं, हे किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल. पुराणातली वांगी पुराणात.

सव्वाबारा झाले होते. तू आलीस आणि कोपराने नळ बंद केलास.

"बाळ, डोळे मीट. रडायचं तर रड, मान हलवू नकोस."

जवसाची अख्खी बरणी तिच्या डोक्यावर रिकामी केलीस, कण सुटून घसरावेत म्हणून. एक बट, बारीक फणी, गार पाणी. पुढची बट. मी वाडगा धरून उभी. घड्याळाकडे तू बघत नव्हतीस, मी बघत होते. पाऊण वाजला तेव्हा अर्धंच डोकं झालं होतं.

एकला मालकीण आली.

"हे काय चाललंय?"

"आई, माझ्या डोक्यात अंडं शिजलंय," पोरगी डोळे मिटूनच म्हणाली.

एरवी आपण तिघी हसून लोळलो असतो.

"गरम नळ कोणी सोडला?"

मी तोंड उघडलं होतं, हे खरं. त्यातून शब्द आला नाही, हेही खरं. तू फणीवरून नजर न उचलता म्हणालीस, "माझा हात चुकला, मॅडम."

एक पंचवीसला पोरगी घट्ट वेणी घालून बाहेर पडली. केस ओलसर, पण मऊ. तिला नोकरी मिळाली, असं पुढे कानावर आलं. तुझी मात्र त्याच दुपारी गेली.

जिन्यात मी विचारलं, "तू का अंगावर घेतलंस?"

"नळ मीच तुमच्या हाती दिला ना? आणि तिने तुम्हाला वाटेल ते बोललेलं मला ऐकवलं नसतं."

आता स्वयंपाकघरात स्टूल मांडून दिवसाला तीन-चार डोकी बघतेस. खुर्ची आठवते का, असं मी विचारत नाही. तू एकदाच म्हणालीस, "ताई, माझी कात्री तिथे राहिलीय, खालच्या ड्रॉवरमध्ये. या नव्या कात्रीने अंगठा सुजतो. माझ्याने त्या पायऱ्या चढवत नाहीत. तुम्ही आणाल? आणि जमलं तर नळाचंही सांगा. कदाचित बोलावेल परत."

"उद्याच जाते," मी म्हटलं. त्याला पाच महिने झाले. कधी गुडघा, कधी बँक, कधी नुसतीच मी.

परवा त्या रस्त्याने गेले होते. पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आत ड्रायर चालू होता, तुझ्या खुर्चीशी कुणी दुसरी उभी होती. मी पाय खाली घेतला आणि पुढच्या दुकानातून गुडघ्याचं मलम घेऊन घरी आले.