थेंबांची बाटली
आईच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या नव्या बाटलीचं सील कटकन तुटलं की मला बाबा गेल्यानंतरची ती दुपार आठवते. कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत भेटायला आलेली माणसं दाटीवाटीने बसली होती, आणि मागच्या तांबट आळीतली ठोकाठोक नेहमीसारखीच चालू होती. आई भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात शेजारणीला म्हणाली, "एवढ्या वर्षांचा संसार, पण डोळ्यांतून टिपूस नाही हो." मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आईला डोळे कोरडे पडण्याचा आजार आहे; त्यात अश्रू बनवणाऱ्या पेशींमध्ये प्रथिनांची घडी नीट बसत नाही, बिघडलेली प्रथिनं साचून पेशींवर ताण येतो, आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशी त्यांनाच शत्रू समजून मारत सुटतात, असं मानतात. हे सगळं मला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं, पण त्या खोलीत मी आलेल्यांना पाणी देत राहिले. आई उठून स्वयंपाकघरात गेली, मागोमाग मी गेले. "ते थेंब घाल गं," ती म्हणाली. "आज जरा जास्तच घाल. लोक बसलेत." मी घातले. ती तशीच बाहेर गेली, गालांवरून दोन ओघळ उतरले, आणि आत्या तिला जवळ घेत म्हणाली, "रडा वहिनी, मोकळ्या व्हा." त्यानंतर त्या पेशींबद्दल मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ शिकवलं, आईसाठी दुकानातून आणते ती बाटली मात्र अजून त्याच थेंबांची आहे.