तिसरी खाच

सुलभावहिनींचा फोन आला तेव्हा मी बूट घालत होतो. गुरुवार होता, रमाकांतला सलाईनसाठी बोईसरच्या हॉस्पिटलात न्यायचा दिवस. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आता घाई नाय केली तरी चालंल." एक बूट पायात, एक हातात, असा मी किती वेळ बसून होतो कोण जाणे. त्याला आता सहा आठवडे होतील.

तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं मेंटेनन्सला होतो. तो शिरगावचा, चिकूची वाडी असलेल्या घरातला; मी पालघरचा. रोज सकाळी तो मला स्टेशनजवळून उचलायचा. चाळिशी गाठल्यावर त्याने क्रूझर मोटरसायकल घेतली, लांबलचक, बुटकी, पाय पुढे पसरून बसायची. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या हौसेला धड स्प्रिंगाही नव्हत्या. वाटेतल्या उमरोळीचा प्रत्येक खड्डा थेट माझ्या माकडहाडाला भेटायचा. शेवटी कमरेची चकती सरकली आणि मी जाहीर केलं, की उद्यापासून बसने येणार. रमाकांतला असा राग आला, जणू मी त्याच्या घरचं पाणी नाकारलं! मग तीन रविवार त्याने वाडीत गाडी खोलून ठेवली. पुढच्या फोर्कमध्ये नव्या स्प्रिंगा आणि दाट तेल घातलं, मागे दोन्ही बाजूंना नवे शॉकअप लावले. त्या मागच्या शॉकअपना पाच खाचा होत्या. वरची खाच लावली की स्प्रिंग ताठ, खालची लावली की नरम. मागे बसणाऱ्याच्या वजनावर ती ठरवायची. अंदाजावर काम करणं त्याच्या रक्तात नव्हतं. कारखान्यात केमिकलचे ड्रम तोलतात त्या काट्यावर त्याने मला सगळ्यांदेखत उभं केलं, आणि चौथी खाच पक्की केली. माझी कंबर त्यावर कितीतरी वर्षं टिकली.

मग त्याच्या पोटात ते निघालं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, पण हे जायलाच तयार नव्हतं. आता गाडी मी चालवू लागलो आणि तो मागे. वहिनी रिक्षा करा म्हणायच्या, भाचा त्याची व्हॅन द्यायला तयार होता, पण हा ऐकेल तर शपथ. म्हणे, "मी बनवलेली गाडी हाय. तिला मानूस कळतो." माझ्यापेक्षा धिप्पाड, म्हणून सुरुवात पाचवीवर झाली. तीन-चार फेऱ्या झाल्या की निघताना म्हणायचा, एक खाच उतरव रे, हाडाला लागतंय. मी डिकीतला आकडीचा पाना काढून स्प्रिंगखालची रिंग फिरवायचो. पाचवीची चौथी झाली, चौथीची तिसरी. दारात उभ्या वहिनी तेवढा वेळ मुद्दाम दुसरीकडे बघायच्या. वजनकाट्यावर त्याला कुणी उभं केलं नाही, गरजच नव्हती.

वहिनींचा तो फोन आला त्याच्या आदल्या गुरुवारी तो म्हणाला, "दुसरीवर घे." मी पाना घेऊन खाली बसलो... आणि माझा हात चालेना. पान्याने रिंगेवर दोनदा खटखट केलं, उठलो आणि झालं म्हणून सांगितलं. वाटलं, मी खाच उतरवली नाही तर तो आणखी उतरणार नाही. उभं आयुष्य पाने हातात घेऊन काढलेल्या माणसाची ही अक्कल! ताठ स्प्रिंगेवर तो हाडांचा सापळा रस्ताभर उडत होता. प्रत्येक खड्ड्याला माझ्या खांद्यावरची बोटं आवळायची. उमरोळीला थांबून दुरुस्त करावं असं दहादा मनात आलं, पण थांबायचं म्हणजे कबूल करायचं. मी थांबलो नाही.

हॉस्पिटलच्या फाटकात उतरल्यावर तो बराच वेळ गाडीला धरून उभा राहिला.

"तिसरीवरच हाय ना?"

मी पाना काढायला डिकीकडे वळलो.

"खाच बसली की आवाज येगळा येतो." मग थोडा दम घेऊन म्हणाला, "असू दे. जाताना पण तिसरीवरच ठेव."

आणि मी तशीच ठेवली. तीच त्याची शेवटची फेरी.

लोक भेटतात तेव्हा म्हणतात, तुम्ही त्याच्यासाठी खूप केलंत. वहिनीही म्हणतात. त्यांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. गाडी त्यांनी मला दिली. अंगणात नजरेसमोर नको म्हणाल्या. एकट्याला पहिली खाच पुरते. पाना डिकीतच आहे, काम पाच मिनिटांचं. पण मी तिसरीवरच कारखान्यात जातो. उमरोळीचे खड्डे येतात, कळ कमरेतून थेट मस्तकात जाते. त्या दिवशी त्याला किती लागलं असेल, हे मी रोज तिथे मोजून बघतो... आणि माझ्या अंगावर तर अजून मांस आहे.