तांड्याची झूल

गोठ्यात पाऊल टाकण्यापूर्वी डॉ. सुनंदा दाराशीच थांबत. बादलीतल्या औषधाच्या पाण्यात बूट धूत, हात साबणाने स्वच्छ करीत, आणि मग तळहात गाईच्या नाकाशी धरून उभ्या राहत. गाय हुंगून निवांत होईपर्यंत त्या सुईला हात लावीत नसत. कोणी घाई केलीच तर म्हणत, "आधी ओळख, मंग सुई." गाभाऱ्यात शिरताना मी जी शुचिता पाळतो, तीच त्या गोठ्याच्या दाराशी पाळीत, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर उपजला.

डोंगरकड्याच्या बाजूला आमचे गाव. मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकविले. आता महादेवाची पूजा करतो. दारात नर्मदा नावाची गाय आणि तिचा गोऱ्हा. सुनंदाबाई जवळच्याच तांड्यावर जन्मलेल्या. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख हिंडत. आता त्याच कुळातील लेक जनावरांची डॉक्टर होऊन आली होती. सुनंदा हे पुराणांत एका गाईचेही नाव आहे, असे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्या खळखळून हसल्या. "मंग मी बराबर खात्यात आले की, गुरुजी."

त्या वर्षी लम्पीची साथ आली. जनावराच्या अंगभर गाठी उठत, ताप चढे, चारा सुटे. माश्या-गोचिडांबरोबर रोग गावोगाव सरकत होता. आमच्या गावात अजून शिरला नव्हता, आणि तो शिरण्यापूर्वीच लस टोचली जावी यासाठी बाईंचा जीव वरखाली होत होता. परंतु ही लस मूळची बकऱ्यांच्या देवी रोगावरची, हे गावाला कळले आणि पारावर माणसे अडून बसली.

शेजारचे दत्तराव म्हणाले, "काहून हो बाई, गाय आमची अन् औषध बकरीचं? उद्या मला ताप आला तर बैलाची गोळी देताल का?"

"तुमाला तीच लागू पडंल, दत्तराव," बाई म्हणाल्या. पार हसला. तो शांत होईतो त्या थांबल्या. "मला एक सांगा. पोळ्याला बैल वेशीकडं येऊन राहिले, धूळ उडून राहिली, तोंड दिसत न्हाई. कोणाचा बैल, हे कशावरून वळखता?"

"झुलीवरून. आमची झूल तर कोसावरून वळखू येते."

"बराबर. या विषाणूच्या अंगावर बी झूल असती, प्रथिनांची. त्याच झुलीनं तो पेशीला चिकटतो अन् आत शिरतो. बकरीच्या देवीचा विषाणू याचा चुलतभाऊ. दोघांच्या झुली एकाच शिंप्यानं शिवल्यावानी. बकरीवाला दुबळा करून गाईला दाखवला, की तिचं अंग ती झूल ध्यानात ठेवतं. खरा आला की त्याला वेशीतच धरतं."

तरी आपले जनावर पुढे करायला कोणी उठेना. मी म्हणालो, "बाई, नर्मदेपासून आरंभ करा."

दुसऱ्या दिवशी नर्मदेला ताप आला. सुई टोचली होती तेथे सूज आली, तिने चाऱ्याला तोंड लावले नाही. लोक दारावरून पाहून जात. गाय बरी झाली नसती तर गावात दुसरी सुई चालली नसती. बाई रोज सकाळी येत, बूट धूत आणि नर्मदेच्या मानेवर हात ठेवून बसत. "लसीनं कधी कधी असं होतं, गुरुजी. अंग शिकून राहिलंय." मग त्यांनी समजावून दिले, की रक्तात आता असे घटक घडत असतात, जे विषाणूच्या त्या प्रथिनांवरच जाऊन बसतात, मग त्याला पेशीला चिकटायला जागाच उरत नाही. मी म्हणालो, "पूर्वी पाहिलेले पुन्हा समोर येताच 'तोच हा' असे जाणणे, याला आमच्या शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात." बाईंनी तो शब्द सावकाश उच्चारून पाहिला. "तोच हा," त्या म्हणाल्या. "एवढंच तर शिकवायचं असतं."

यथावकाश ताप उतरला. नर्मदेने दत्तरावांच्याच हातचा कडबा ओढून खाल्ला, आणि त्याच दुपारी ते आपले बैल घेऊन रांगेत उभे राहिले. पुढे रोग गावात आला. काही जनावरांना गाठी उठल्या, पण ती सारी सावरली.

एका सायंकाळी बाई आल्या त्या रस्त्याच्या पलीकडेच उभ्या राहिल्या.

"आत येत न्हाई, गुरुजी. राजापाशी होते." राजा हा त्यांच्या वडिलांचा बैल. "गेला."

मी पुढे होऊ लागलो. त्यांनी हात आडवा केला. "नका येऊ. तुमची गाय हाये घरात."

लस थोडी थोडी येत होती. वडील म्हणाले होते, "आधी गावाची जनावरं कर. न्हाई तर म्हनतील, पोरीनं घरचीच आधी केली." तांड्याची पाळी आली तेव्हा राजाच्या अंगात रोग शिरून चुकला होता. "एकदा आत शिरल्यावर सुई काय करणार?" बाई म्हणाल्या.

मी त्यांना नेहमी 'बाई' म्हणत असे. त्या दिवशी तोंडून निघाले, "लेकी, तिथंच बस." त्या पलीकडच्या लहानशा पुलाच्या कठड्यावर बसल्या, मी माझ्या उंबऱ्यावर. मधून रस्ता जात होता. देवळात दिवा लावण्याची वेळ टळली तरी मी उठलो नाही.

पुढे त्यांची बदली झाली. निरोप घ्यायला आल्या तेव्हा काखेत राजाची झूल होती; आरसे आणि कवड्या जडवलेली, आईच्या हातची. कितीतरी वेळा औषधात धुऊन, दोन उन्हाळे तापवून मगच ती त्यांनी माझ्या हाती दिली. "बापूंनी धाडली. त्यांच्या गोठ्यात आता बैल न्हाई. गोऱ्हा मोठा झाला की त्याला घाला."

यंदाच्या पोळ्याला मी ती झूल गोऱ्ह्याच्या पाठीवर घातली. तो आता भरदार बैल झाला आहे. आम्ही ओढ्याकडून येत होतो. धूळ उडाली होती आणि उतरत्या उन्हात आरसे लखलखत होते. वेशीत माणसे दाटली होती. दत्तरावांनी कपाळावर आडवा हात धरून पाहिले आणि पुढच्यांना बाजूला सारीत म्हणाले,

"डॉक्टरीणबाईंचा बैल येऊन राहिला. वाट द्या."