फोन रेखाच्या आठवड्यात होता

मी चौथीपर्यंत शिकले. शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे, तेवढं सांभाळून घ्या. हे मी आजवर कुणाला बोललेले नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही.

चारकोपला आमचा सहा बायकांचा गट आहे. मसाले, पापड करतो. ऑर्डरी आणि पैसे गटाच्या एकाच फोनवर येतात. तो फोन दर सोमवारी एकीकडून दुसरीकडे जातो. जिचा आठवडा, तिची जबाबदारी — हा नियम आमच्या अध्यक्ष मंगलताईंनी पहिल्याच दिवशी घातला.

माझ्या आठवड्यात एका मॅडमनी माझं हाताने लिहिलेलं बिल शेजारणीला दाखवलं आणि दोघी हसल्या. एवढंच. मला वाटलं, आपणही छापील बिल द्यावं. फोनवर बिलं बनवायचं एक फुकटचं ॲप मिळालं. ते सारखं विचारायचं — मेसेज वाचू का, स्क्रीन बघू का. हो म्हटल्याशिवाय पुढे जाईना. मी हो, हो करत गेले. कुणाला विचारलं का? नाही. लाज वाटली.

सोमवारी फोन रेखाकडे गेला. गुरुवारी खात्यातून एकवीस हजार गेले.

मंगलताई, रेखा आणि मी बँकेत गेलो. साहेबांनी विचारलं, "फुकटचं कुठलं ॲप टाकलंय का? असली ॲपं मेसेज वाचतात, पिन टिपून ठेवतात. मग सवडीने पैसे काढतात."

"मी नाही बाबा काही टाकलं," रेखा म्हणाली. मीही नाही म्हणून मान हलवली. तेवढ्यात तिला अर्जावर सही करायला बोलावलं. "धर गं जरा," म्हणत तिने फोन माझ्याच हातात दिला.

आता लिहितेच — तिची सही होईपर्यंत मी ते ॲप काढून टाकलं.

साहेबांनी फोन तपासला. काही सापडलं नाही. "मग पिन कुणीतरी सांगितला असणार," ते म्हणाले. मंगलताईंनी रेखाकडे पाहिलं. मीही पाहिलं — मी कशाला पाहिलं?

त्यानंतर बायका आपापली पैशांची पाकिटं मांडीवर घेऊन पापड लाटायला लागल्या. रेखाने त्याच महिन्यात मिक्सर घेतला होता.

"मिक्सर जोरात फिरतो ना गं?" आमच्यातली शोभा म्हणाली.

"पावती दाखवू? का तीपण खोटी वाटेल तुला?"

सगळ्या हसल्या. मी पण हसले. पण रेखा माझ्याकडे नुसती बघायची तरी मी खाली बघून लाटायला लागायचे. हिला आठवत असेल का, फोन कुणाच्या हातात दिला होता ते? मंगलताईंना कळलं असेल, मुद्दाम गप्प असतील? सगळ्या तिच्यावर संशय घ्यायच्या आणि मी सगळ्यांवर. रेखाच्या घरचा चहासुद्धा मी बंद केला.

तिने पैसे भरायचं कबूल केलं. म्हणाली, "चोरले म्हणून नाही. आठवडा माझा होता म्हणून." त्यासाठी तिने पोळ्यांची आणखी दोन घरं धरली. दीड वर्ष भरत होती.

मागच्या महिन्यात तिने शेवटचा हप्ता दिला. एकवीस हजार पूर्ण फिटले. मंगलताईंनी ते पैसे सगळ्यांत वाटायला तिलाच सांगितलं. माझा वाटा रेखाने स्वतः माझ्या हातात ठेवला.

मी तो मोजून घेतला.