एका सतरंजीवरचं घर

संध्या पाईकरावकडं कुणी गेलं की हिंगोलीतले लोक अजूनही 'डोक्याच्या बाईकडं गेला' म्हणतात. ती मानसतज्ज्ञ. गोळ्या देत नाही, माणसाला बोलतं करते. जवळा बाजारच्या शेतमजुराची ही लेक नांदेडला शिकली, पंधरा वर्षांपूर्वी इथं दोन खोल्या भाड्यानं घेऊन बसली, आणि तेव्हापासून तिची एकच रीत. आधी घरातल्या एकेकाला आतल्या खोलीत एकटं ऐकायचं. मग सगळं घर बाहेरच्या खोलीत एका सतरंजीवर बसवायचं. खुर्ची कुणालाच नाही, सासऱ्यालाही नाही. एकट्यात सापडलेलं दुखणं घरासमोर मांडल्याशिवाय उतरत नाही, असं तिचं म्हणणं. ते खोटंही नव्हतं. कितीतरी घरं त्या सतरंजीवरून हलकी होऊन उठली होती. पण यशाचंही एक वेड असतं, आणि ते डोक्याच्या बाईलासुद्धा लागतं.

साखऱ्याच्या उत्तमरावांची सून मिना, वय पंचवीस, पदरात दोन पोरी. सहा महिने तिला झोप नव्हती आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. देवदेव झालं, अंगारे-धुपारे झाले, शेवटी जीप करून तिला इथं आणलं. चार वेळा ती आतल्या खोलीत नुसती बसून गेली. पाचव्या वेळी बोलली. दुसऱ्या बाळंतपणात तिचं रक्त इतकं गेलं होतं, की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता तिसरं नको, जीव जाईल. तिनं नवऱ्याला, रामला, सांगितलं तर तो म्हणाला, आईला विचार. सासूला सांगितलं तर सासूनं नातवासाठी नवस बोलून टाकला. मग मिनानं माहेरी गेल्यावर गुपचूप तांबी बसवून घेतली. आता दिवस राहणार नव्हते, पण हे कळलं तर काय होईल, या धसक्यानं झोप गेली.

संध्याला सगळं लख्ख दिसलं. दुखणं मिनाचं नव्हतंच, घराचं होतं. हे घरासमोर बोललं गेलंच पाहिजे, असं तिनं मनाशी घेतलं. मिना नको नको म्हणत राहिली.

"मी आहे ना," संध्या म्हणाली.

असं म्हणणारी माणसं दिवस मावळला की आपापल्या घरी जातात आणि ऐकणारीला सासरीच जायचं असतं. मिनाला हे कळत होतं. इतकी शिकलेली बाई, तिला कळलं नाही.

तरी संध्या थांबली असती, कारण उत्तमरावांचा तिला भरवसा नव्हता. संध्या बौद्ध, आणि बौद्धाच्या हातचं पाणी त्यांना चालत नसे. येताना बाटली घरून आणायचे. पण पुढच्या खेपेला त्यांनी आपणहून चहा मागितला आणि बशीत ओतून शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. संध्याला भरून आलं. जन्मभर अपमानानं जी डगमगली नाही, ती एका बशीभर मानाला भुलली. घर तयार झालं, असं ती धरून चालली.

रविवारी सातजण सतरंजीवर बसले. मिनानं खाली मान घालून सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. सासू नीलाबाईनं डोळ्यांना पदर लावला, लेकरा इतकं मनात काहून ठेवलं म्हणाली. रामनं सगळ्यांदेखत बायकोचा हात धरला. बोलली ते बराबर केलं, एवढंच उत्तमराव म्हणाले. संध्यानं वहीत लिहिलं, 'उत्तम बैठक.'

पाच महिन्यांनी उत्तमराव पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मागं नीलाबाई, राम आणि मिना. मिनाचा चेहरा चांगला भरला होता. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात नेऊन तांबी काढून घेतली होती, आणि आता तिला चौथा महिना चालू होता.

"मॅडम, तुमी हिचं तोंड उघडलं म्हणून कळलं," उत्तमराव म्हणाले. "न्हाई तर आमी देवालाच दोष देत बसलो असतो."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर संध्यानं सोसला असता. माणूस खरोखर आभार मानत होता. तिनं डॉक्टरीणबाईंच्या इशाऱ्याची आठवण करून दिली, आवाज चढवला, कायदा काढला. उत्तमरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. समोरच्याचं ऐकून घ्यावं हे त्यांना तिनंच शिकवलं होतं. देव हाय, म्हणाले, आणि पेढा पुढं केला.

संध्यानं मिनाला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ, पोलिसांत जाऊ, माझ्या घरी राहा, असं एकामागून एक सांगत राहिली आणि सांगता सांगता तीच रडायला लागली. मिनानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, पोरी त्या घरात हायत, मी निघाले तर त्या तिथंच राहतील. बाकी आता झोप चांगली लागते, लपवायचं काही उरलं न्हाई. तिच्या तोंडावर राग नव्हता, आणि त्यामुळंच संध्याला तिच्याकडं बघवेना.

बाहेरून रामनं हाक मारली तशी मिना उठली. कडी काढायला हात घातला आणि मागं वळली.

"मॅडम, माझ्यामागं पोरी कधी अशा गप्प झाल्या, अन् त्यायला इथं आणलं, तर त्यायला काही इचारू नका."