मॅचच्याच दिवशी अटकणारं मशीन

"कार्ड घेऊन देतो मी. पण त्यानंतरही अटकलं, तर हे सगळं बंद. मग बँकेच्या परीक्षेचा क्लास. मंजूर?"

माने साहेबांनी हे आमच्या काउंटरवर हात टेकून, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. त्यांची मुलगी मंजिरी लगेच म्हणाली, "मंजूर." आमचे सेठजी तर ग्राफिक्स कार्डाचा खोका काढायला वळलेसुद्धा.

माझं मात्र धाबं दणाणलं. कारण या सौद्यात बाप सुटत होता, सेठजी सुटत होते आणि मुलगी अडकत होती.

"आधी मशीन टेबलावर ठेवा," मी म्हटलं. "तपासल्याशिवाय मी पार्ट बसवत नाही."

ग्वाल्हेरच्या इंदरगंजातल्या या दुकानात मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्या उघडल्या, मी कॅबिनेट उघडते. कॅबिनेट म्हणजे ज्याला लोक सरसकट "सीपीयू" म्हणतात तो उभा डबा. सेठजींचं म्हणणं असं, की पुराणिक मॅडम ग्राहकाला माल कमी विकतात आणि प्रश्न फार विचारतात. दोन्ही खरं आहे.

मशीन होतं गेम खेळण्याचं, सात-आठ वर्षांचं. चुलतभावानं वापरून मग मंजिरीला दिलेलं. ती पाच मुलींच्या टीममधून ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळते. हा नुसता टाइमपास नाही. त्यांच्या स्पर्धा असतात, कॅप्टन असते, संघातून काढणंही असतं. अशा गेममध्ये पडद्यावर सेकंदाला शंभराच्या वर चित्रं पळायला लागतात. ती चित्रं काढतं ग्राफिक्स कार्ड, आणि बाकीचा हिशेब करतो प्रोसेसर. दोघांपैकी एक जरी मागे पडला तरी चित्र पापणी लवेपर्यंत थांबतं. यालाच आमचे ग्राहक "अटकतं" म्हणतात. तेवढ्यात समोरचा तुम्हाला मारून मोकळा होतो.

मी मशीन उघडलं. आत ग्वाल्हेरच्या कित्येक उन्हाळ्यांची धूळ होती. ब्लोअर मारला. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये एक लेप असतो, उष्णता पुढे सरकवणारा. तो वाळून पापड झाला होता, नवा लावला. मग मशीनला मुद्दाम घाम फोडणारी टेस्ट लावली. संध्याकाळपर्यंत चालवली. म्हाताऱ्यानं हूं का चूं केलं नाही.

"सगळं नीट चाललंय की," मी दुसऱ्या दिवशी मंजिरीला म्हटलं.

"ताई, घरी प्रॅक्टिसमधे पण नाही अटकत. सिर्फ मॅच के टाइम. मॅच सुरू झाली की थोड्या वेळानं एकदम से."

"बघा!" माने साहेब म्हणाले. "मी काय सांगतोय? मशीनला काय माहीत, आज मॅच आहे म्हणून? ही घाबरते. हात गारठतात आणि नाव मशीनचं."

प्रश्न बिनतोड होता. मशीनला खरंच काय माहीत?

ते बाहेर स्कूटर काढायला गेले, तेव्हा मंजिरी टेबलावरचा स्क्रू उगाच फिरवत म्हणाली, "कॅप्टन पण हेच म्हणते. तू प्रेशर में टूट जाती है. पुढच्या मॅचला परत असं झालं तर एकच लास्ट चान्स देणार आहे ती." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, कधी कधी मला पण वाटतं. शायद माझेच हात थांबत असतील."

मला संताप आला. तिचा नाही, या सगळ्या प्रकाराचा. चांगली चुणचुणीत मुलगी, तिला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावला होता सगळ्यांनी मिळून. मी तिला सांगितलं, "मशीन अटकतंय की तू, हे मी शोधून काढते. तोवर कुणाचं काही मनावर घ्यायचं नाही."

मी त्यात एक छोटा प्रोग्रॅम टाकला. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत राहील एवढंच त्याचं काम. म्हटलं, मॅचमध्ये अटकलं की त्या आकड्याकडे बघ.

मॅच झाल्या झाल्या तिचा फोन आला. रडत होती, पण रडता रडता ओरडली, "ताई, अठ्ठ्याण्णव! प्रॅक्टिसला सत्तरच्या वर नाही जात. आत्ता अठ्ठ्याण्णव होता!"

इथे थोडं समजावून सांगते. प्रोसेसर फार तापला की स्वतःला जळण्यापासून वाचवायला आपणहून हळू होतो. त्याला थ्रॉटलिंग म्हणतात. भर उन्हात आपण चालायचं कमी करतो, तसंच. म्हणजे मंजिरीचे हात निर्दोष होते. माणसाच्या भीतीनं प्रोसेसर तापत नाही.

मी हे माने साहेबांना मंजिरीसकट दुकानात बोलावून सांगितलं. साहेब भले गृहस्थ, लगेच नरमले. पण नरमले ते भलत्या दिशेनं.

"म्हणजे मॅचचं काम जड पडतं त्याला. म्हातारं झालंय बिचारं. मग द्या ते कार्ड."

"पेटीएम की कॅश?" सेठजी.

"कार्ड द्यायचं नाही," मी म्हटलं.

सेठजींनी डोळे मिटून घेतले. "मॅडम जी, ग्राहक खुद माँग रहा है."

"मॅच काय आणि प्रॅक्टिस काय, गेम तोच आहे सेठजी. काम तेवढंच आहे. तरी मॅचलाच तापतं, तर कारण मशीनच्या बाहेर आहे. त्यात नवं कार्ड घातलं तर ते अजून गरमी करेल. परत अटकेल. आणि मग?"

मी माने साहेबांकडे बघितलं. त्यांना स्वतःची अट आठवली असावी, कारण त्यांनी खिशातून काढलेलं पाकीट परत ठेवलं. मंजिरीलाही आठवली. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"रविवारी शेवटच्या चान्सची मॅच आहे ना? मी घरी येते," मी म्हटलं.

"आप मॅच देखने थाटीपुर जाएँगी?" सेठजींचा आवाज चढला. "और दुकान?"

"दुकान रविवारी बंद असतं सेठजी."

रविवारी दुपारी मी थाटीपुरला त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये पोचले. मशीन भिंतीतल्या उघड्या कपाटाच्या खालच्या खणात होतं, टेबलाला लागून. मी गुडघ्यांवर बसून हात घालून पाहिलं. मागे भिंत जवळ होती, पण वरची जाळी मोकळी. गरम हवा त्याच जाळीतून बाहेर जाते. पंखे फिरत होते. मंजिरीनं सरावाला गेम लावला, आकडा सत्तरच्या खाली. सगळं ठीक. वहिनींनी, म्हणजे मंजिरीच्या आईनं, चहा आणि तिळगुळाचं गजक दिलं. मी गजक खात आकड्यावर डोळे लावून बसले आणि मनात म्हटलं, बाई, आज काही सापडलं नाही तर तोंड कुठे लपवणार आहेस?

मॅचची वेळ झाली. मंजिरीनं हेडफोन चढवले. तेवढ्यात वहिनी तबक घेऊन आल्या. मुलीला कुंकू लावलं, ओवाळलं. मग देवघरातून एक लांबट वस्तू दोन्ही हातांवर आडवी घेऊन आल्या. कपाटाशी वाकून त्यांनी काहीतरी मांडलं, फूल वाहिलं आणि नमस्कार केला. त्यांचं बघून मीही हात जोडले. भटाघरची सवय, दुसरं काय. आणि परत पडद्याकडे वळले.

मॅच सुरू झाली. आकडा पंच्याहत्तर. थोड्या वेळानं ऐंशी. मी पुढे सरकले. पंच्याऐंशी. पंखा तर जोरात फिरत होता, आवाज येत होता. मग गरम हवा जाते कुठे? नव्वद. पडद्यावर चित्रानं पहिला हिसका दिला. मंजिरीचे खांदे ताठ झाले.

मी मान वळवून कॅबिनेटकडे पाहिलं.

बरोबर वरच्या जाळीवर लाल मखमलीची चौपदरी घडी अंथरली होती. तिच्यावर म्यानातली तलवार. तिच्यावर झेंडूचं फूल.

मी विचार केला नाही. मखमलीसकट तलवार दोन्ही हातांनी उचलली.

"अहो! अहो, काय करताय!" वहिनी धावल्या. "पणजोबांची आहे ती! नवमीला शस्त्रं पूजतो आम्ही. ही मॅचला बसते, म्हणजे आमच्या घरचं लढाईला जाणंच झालं ना? म्हणून हिच्या शस्त्रावर ती ठेवते मी. दर मॅचला!"

"वहिनी, याच जाळीतून गरम हवा बाहेर जाते. तुम्ही त्याचं नाक दाबताय!"

त्या वाक्याचा घाव त्यांना कुठे लागला ते मला लगेच दिसलं. त्यांचा हात तोंडावर गेला. "म्हणजे माझ्यामुळे?" एवढंच त्या म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. लेकीसाठी मनापासून केलेली गोष्ट होती ती, आणि मी ती डाकूसारखी उचकटली होती.

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," मी आवाज खाली आणला. "आता ही कुठे ठेवू?"

"खाली नका ठेवू, हं. पूजेतली उचलली की मॅच संपेपर्यंत भुईला टेकवायची नाही. पलंगावर तर नाहीच."

"मग?"

मग काय, मी धरून उभी राहिले. आमच्या सात पिढ्यांत कुणी पळीपंचपात्रापेक्षा जड काही पूजेत उचललं नसेल. तलवार दिसते त्यापेक्षा जड असते, हे मी आता अनुभवानं सांगू शकते. फूल घरंगळून माझ्या पायावर पडलं. मंजिरीला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं, तिच्या कानांवर हेडफोन होते आणि समोर लढाई.

आकडा उतरायला लागला. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी. चौऱ्याहत्तरवर येऊन थांबला. चित्र पाण्यासारखं वाहायला लागलं.

माने साहेब दारात उभे होते. ते आकडा बघत होते, मग मुलीचे हात बघायला लागले. ते हात कीबोर्डवर इतक्या सफाईनं चालले होते, की मीही बघत राहिले. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "द्या इकडे. जड आहे ती."

त्यांनी तलवार घेतली. आणि तिच्या खुर्चीच्या मागे, मॅच संपेपर्यंत, दोन्ही हातांवर ती आडवी धरून उभे राहिले.

मॅच संपली. मंजिरीनं हेडफोन काढले, खुर्ची फिरवली आणि दचकली.

"पप्पा! हे काय? मला मारताय की काय?"

"काय झालं मॅचचं?"

"हरलो." ती हसत होती. डोळे भरलेले आणि चेहराभर हसू. "पण पप्पा, अटकलं नाही! शेवटच्या राउंडला मी डावीकडे बघितलंच नाही. पूरी माझी गलती. माझी!"

मी इतक्या वर्षांत स्वतःच्या चुकीवर इतकं खूश झालेलं माणूस पाहिलं नव्हतं.

माने साहेबांनी हातातली तलवार सावरली. "मग पुढच्या वेळी डावीकडे बघ," ते म्हणाले.

वहिनी तबक ठेवायला गेल्या त्या बराच वेळ आतून आल्या नाहीत. मंजिरी त्यांच्या मागे गेली. आतून आधी हुंदका ऐकू आला, मग दोघींचं हसणं. कॅप्टननं संध्याकाळी मेसेज केला, की आज बरोबर खेळलीस, संघात राहतेस.

अपग्रेडचं काय, तर मी माने साहेबांना सांगितलं की या मशीनला सध्या काहीही लावू नका. म्हातारं आहे, पण धडधाकट आहे. ज्या दिवशी हिचा गेमच याला झेपेनासा होईल, त्या दिवशी अख्खं नवं घ्या. जुन्या डब्यात महागडं कार्ड कोंबू नका. कॅबिनेट खणातून काढून टेबलाच्या कडेला उघड्यावर ठेवा.

सोमवारी सेठजींनी विचारलं, "तो क्या बेचा?"

"कुछ नहीं."

"बढ़िया," ते म्हणाले आणि कार्डाचा खोका परत शेल्फवर चढवला.

तेव्हापासून कुणी मशीन अटकतं म्हणून आलं, की पार्ट दाखवण्याआधी मी विचारते, घरी हे उभं कुठे असतं आणि त्याच्यावर काय ठेवता? लोकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलंय. वाटू दे. उत्तरं ऐकाल तर तुमचंही फिरेल.

मान्यांकडच्या तलवारीला आता खुर्चीमागच्या भिंतीवर खुंट्या ठोकल्यात. वहिनी म्हणतात, मॅच असली की त्या रिकाम्याच असतात. माने साहेब तलवार कुणाला टांगू देत नाहीत, मॅच संपेपर्यंत स्वतःच धरून उभे राहतात.